लहानखुरी, बुजरी तलंग: काळजी मिटते आणि पुन्हा सुरू होते, असं का?

परसात पाच-सात कोंबड्या पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे अशी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, असतेच. बाकीच्या अंगाने भरल्या, हिचं अंग काही धरत नाही. खाद्य टाकलं की सगळ्या तुटून पडतात, ही दोन पावलं मागे उभी. कुणी नुसती मान वर केली तरी पळ काढते. रात्री दांडीवर चढते सगळ्यात शेवटी आणि बसते कडेला. मग आपला जीव राहवत नाही. तिला बाजूला घेतो, हातावर दाणे देतो, ती टवटवीत दिसायला लागते, आपण निश्चिंत होतो आणि पंधरवड्यात सगळं पुन्हा मूळ पदावर.

तक्रार अशी फिरून फिरून येते, यातच तिचं अर्धं निदान आहे. जी तलंग बाजूला घेतली की सुधारते आणि इतरांत सोडली की सुकते, तिचं दुखणं बहुतेक वेळा तिच्या अंगात नसतं, खाद्याच्या भांड्याभोवती असतं. आपण मात्र दर वेळी तिच्यावरच उपचार करतो. भांडं तिथेच, दांडी तीच, दादागिरी करणारी कोंबडी तीच. मग तक्रार परत येणार नाही तर काय?

पण ‘बहुतेक वेळा’वर विसंबून चालत नाही. कोंबडी हा शिकार होणारा जीव. दुखणं लपवणं तिच्या रक्तातच आहे. म्हणून आधी आजार नाही याची खात्री, मग अंगणाची मांडणी, हा क्रम मोडू नका.

आधी गळ्याखालची पिशवी

ती बुजरी का आहे, हा विचार तूर्तास बाजूला ठेवा. आत्ता प्रश्न एवढाच की तिच्या पोटात पुरेसं जातंय का? गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजवीकडे कातडीखाली अन्नाची पिशवी असते. दिवसभर टिपलेलं आधी तिथे साठतं आणि रात्रीतून हळूहळू पुढे सरकतं. त्यामुळे दिवस मावळताना ती भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी.

अंधार पडून सगळ्या दांडीवर स्थिरावल्या की मंद उजेड घेऊन जा. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसतं, त्यामुळे दिवसा हाताला न लागणारी भित्री पोरही तेव्हा गुपचूप बसून राहते. बोटांनी पिशवी चाचपा. लगेच तिच्या शेजारणीचीही चाचपा, म्हणजे भरलेली पिशवी कशी लागते ते हाताला कळेल. सकाळी खाद्य टाकण्याआधी पुन्हा बघा. हे ओळीने तीन-चार दिवस करा. एका संध्याकाळवरून काही ठरत नाही.

संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असेल तर ती खाते आहे. कधी खाते ते तुम्हाला दिसत नाही एवढंच. सगळ्या धूळ अंगावर घेत पडल्या असतील तेव्हा गुपचूप येऊन खाऊन जात असेल. संध्याकाळीसुद्धा पिशवी चिमटीत येईल इतकीच असेल तर एक तर तिला खाऊ दिलं जात नाही किंवा तिची भूक गेली आहे. आणि सकाळीही पिशवी भरलेलीच असेल तर प्रकरण वेगळं. घट्ट, मळलेल्या कणकेसारखी लागली तर लांब गवत किंवा दोरा अडकलेला असू शकतो. पाण्याने भरल्यासारखी डुचमळत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत आंबण सुरू झालं आहे. अशा वेळी कोंबडीला उलटं धरून पिशवी रिकामी करण्याचा उपाय बरेच जण सांगतात. तो करू नका. ते पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी हातातच जाते. दोन्ही बाबतींत पशुवैद्य गाठा.

वजन, तेही तिचं तिच्याशीच

‘लहान दिसते’ हे माप नव्हे. शेजारी थोराड जातीची कोंबडी उभी असेल तर कुठलीही तलंग किरकोळच दिसणार. पिल्लं मिश्र जातीची असतील तर एकाच वयाच्या दोघींच्या वजनात मोठी तफावत पडते. शिवाय उशिरा फुटलेलं पिल्लू आणि आधी फुटलेलं यांच्यातला फरक पहिले काही आठवडे डोळ्यांत भरतो.

म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा, त्यावर खोकं, खोक्यात कोंबडी. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट रिकामं असताना. दिवस आणि आकडा लिहून ठेवा. वाढत्या वयाच्या तलंगेचं वजन दर आठवड्याला थोडं तरी वाढलंच पाहिजे. बहिणींपेक्षा कमी असलं तरी चालेल, पण रेषा वर जाणारी हवी. दोन आठवडे जागच्या जागी असेल तर लक्ष घाला. घटत असेल तर वाट बघू नका.

काट्याला जोड म्हणून छातीचं हाड चाचपा. मधोमध उभी कड लागते. दोन्ही बाजूंनी मांस असेल तर ती कड बोटाला बोथट लागते. सुरीच्या धारेसारखी वर आली असेल तर कोंबडी खंगली आहे. पिसांचा फुलोरा फार फसवा असतो. वरून गुबगुबीत दिसणारी कोंबडी हातात घेतल्यावर नुसती हाडं लागतात असं पुष्कळदा होतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

बुजरी की आजारी?

बुजरी कोंबडी सावध असते. मान ताठ, डोळे गोल उघडे, तुम्ही हललात की तिनं वाट काढलीच. ती कडेकडेने का होईना सतत काहीतरी उकरत, टिपत असते. आजारी कोंबडी मंद असते. पिसं फुलवून, मान खांद्यात घालून, शेपटी पाडून उभी राहते. भर दिवसा पेंगते. बाकीच्या निघून गेल्या तरी हिला पत्ता नसतो. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कालपर्यंत हाताला न लागणारी कोंबडी आज आपणहून हातात येते. माणसाळली म्हणून आनंद मानू नका. पळण्याचं त्राण उरलेलं नसतं, हेच बहुतेक वेळा त्यामागचं कारण असतं.

विष्ठा रोज नजरेखालून घाला. तपकिरी-हिरवट गोळी आणि वर पांढरी टोपी, ही निरोगी. दर आठ-दहा वेळांमागे एखादी चिकट, गडद तपकिरी, भलतीच वास मारणारी पडते. तीही नेहमीचीच आहे, नवखे लोक तिलाच हगवण समजून औषध सुरू करतात. रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. वाढत्या वयात रक्ताची हगवण म्हटलं की पहिला संशय कॉक्सिडिओसिसचा. हा आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवींचा आतड्यातला आजार. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना तो जास्त गाठतो, पण थोड्या मोठ्या तलंगांनाही सोडत नाही. ओला भुसा आणि ऊब मिळाली की विष्ठेतून पडलेली त्याची बीजं दोन-एक दिवसांत लागण करण्याजोगी होतात. पाण्यातून देण्याचं ॲम्प्रोलियम हे त्यावरचं रुळलेलं औषध. प्रमाण वैद्याला विचारून. औषध चालू असताना जीवनसत्त्वांचं टॉनिक पाण्यात घालू नका. ॲम्प्रोलियम त्या जंतूला थायमिनपासून (ब-१ जीवनसत्त्वापासून) तोडूनच काम करतं, आणि टॉनिकमधून तुम्ही तेच त्याला पुरवत असता.

दुसरा, कायम नजरेतून सुटणारा चोर म्हणजे लाल गोचीड (रेड माइट). दिवसा ती कोंबडीच्या अंगावर नसतेच. दांडीच्या टोकांशी, खुराड्याच्या फटींत दडून बसते आणि रात्री रक्त प्यायला निघते. तुम्ही दिवसा कोंबडी तपासता, काही सापडत नाही, आणि पोर तर फिकट पडत चाललेली. संध्याकाळी खुराड्यात शिरायला ती नाखूश असेल, तुरा पांढुरका पडला असेल, तर रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद घासून बघा. लाल ओरखडे उमटले की समजून जा. औषध नुसतं कोंबडीला लावून भागत नाही. फटी, सांधे, दांडीची टोकं सगळं खरवडून धुवायला हवं आणि आठवड्याभराने पुन्हा, कारण पहिल्या फेरीतून अंडी वाचतात. उष्ण हवेत या गोचिडीची पिढी आठवड्याभरात तयार होते. ‘दर महिन्याला पोर अशीच मलूल होते’ अशा तक्रारीच्या मुळाशी ही गोचीड निघते. उवा त्या मानाने सोप्या: शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली की बुडाशी पांढरे पुंजके दिसतात.

जंतांसाठी अंदाजाने औषध पाजण्यापेक्षा विष्ठा तपासून घेतलेली बरी.

एक पाय पुढे, एक पाय मागे अशी पसरून पडत असेल, किंवा एक पंख लोंबत असेल, तर मरेक रोगाचा विचार करावा लागतो. हा विषाणूचा आजार, आणि नेमका याच वयात, साधारण तीन महिन्यांपासून अंड्यावर येईपर्यंत, जास्त दिसतो. त्याला औषध नाही. लस असते, पण ती पिल्लू फुटल्या फुटल्या द्यायची असते. आणि एकीऐवजी तीन-चार कोंबड्या एकाच वेळी माना टाकायला लागल्या किंवा पटापट मेल्या, तर हा लेख बाजूला ठेवा, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

तपासणी झाली की हात साबणाने धुवा. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

आजार नाही, तरी उपाशी: मग मांडणी बदला

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची क्रमवारी असते, हे पाळणारे पूर्वापार जाणून होते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लाइफ श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२१-२२च्या सुमारास त्याची शास्त्रीय मांडणी केली. लहानपणापासून ते कोंबड्यांचं निरीक्षण करत आलेले. ही क्रमवारी मोडायचा प्रयत्न करू नका. तुम्ही रागावून, हाकलून, दादागिरी करणारीला पाणी मारून ती बदलत नाही. शेवटच्या पायरीवर कोणी ना कोणी असणारच. आपल्या हातात असतं ते एवढंच की शेवटच्या पायरीवरचीलाही पोटभर मिळेल अशी सोय करणं.

पहिली सोय दुसऱ्या भांड्याची. तेही पहिल्याच्या शेजारी नव्हे. शेजारी ठेवलेली दोन भांडी म्हणजे एकच मोठं भांडं. एक दांडगी कोंबडी दोन्हीवर पहारा ठेवू शकते. एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही असं ठेवा: कोपऱ्याआड, फळीमागे, झुडपाच्या पलीकडे. हिशेबाने एका कोंबडीला भांड्याची दहा-एक सेंटिमीटर कड पुरते, पण हा हिशेब सगळ्या गुण्यागोविंदाने खातील असं धरून केलेला आहे. पाण्याचंही तसंच. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते, आणि पाणी तुटलं की खाणं आपोआप तुटतं. खाद्याची दोन भांडी करणारे पुष्कळ असतात. पाण्याचं एकच ठेवून देतात आणि मग फरक का पडत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

दुसरी सोय आडोशाची. मोकळं, सपाट अंगण माणसाला छान वाटतं, पण बुजऱ्या कोंबडीला तिथे लपायला जागा नसते. एक उभी फळी, उलटं ठेवलेलं खोकं, एखादा ओंडका. पाठलाग करणारीची नजर तुटली की पाठलाग बहुधा तिथेच संपतो. आडोशाला दोन्हीकडून वाट हवी. एकाच तोंडाचा कोपरा म्हणजे सापळा. तिथे सापडलेली पोर डोक्याची पिसं गमावूनच बाहेर येते.

दांडीवर माणशी म्हणावं तशी जागा धरा, एका कोंबडीला वीस ते पंचवीस सेंटिमीटर. आणि एक जादा दांडी थोडी खाली लावा. वरच्या जागेसाठी मारामारी होते, खालची कोणाला नको असते, म्हणून बुजरीला ती बिनतक्रार मिळते.

तिचं लहानपण इथे कामालाही येतं. जाळीचा एक छोटा कप्पा करा आणि त्याला अशी फट ठेवा की ती आत जाईल, मोठ्या अडतील. खाद्य आत. पहिले दोन दिवस संध्याकाळी तिला स्वतः आत सोडून वाट दाखवा, पुढे ती शिकते. हा उपाय मला हातावर भरवण्यापेक्षा कितीतरी पसंत आहे, कारण तो तुम्ही घरी नसतानाही चालतो. सगळ्यांसमोर हातावर भरवणं तर टाळाच. तुम्ही तिच्याकडे खाऊ घेऊन वळलात की बाकीच्याही तिच्याकडेच वळतात, आणि तुम्ही पाठ फिरवल्यावर टोचा तिला बसतात.

वेगळी ठेवू का?

जखम असेल, रक्त असेल तर ताबडतोब. लाल रंगाकडे कोंबड्या खेचल्या जातात, आणि एकीने टोचलेल्या जागी दुसरी टोचते. जखम पूर्ण सुकून पिसांचे कोंब फुटेपर्यंत तिला परत सोडू नका.

जखम नसेल तर तिला नजरेआड नेऊ नका. दहा-पंधरा दिवस गायब असलेली कोंबडी परत आली की बाकीच्या तिला परकी म्हणून वागवतात, आणि जी थोडीफार जागा तिनं मिळवलेली असते तीही जाते. बाजूला ठेवायचंच तर त्याच अंगणात, जाळीआड, एकमेकींना दिसतील अशी ठेवा. परत सोडताना संध्याकाळी दांडीवर बसवा. सकाळी सगळ्या एकत्रच उतरतात.

बाजूला काढायचीच असेल तर बहुतेक वेळा बळी नव्हे, गुंड काढावी. नीट बघितलंत तर सगळ्या मिळून मारत नसतात. पुष्कळदा एकच असते, आणि ती सर्वांत वरची नसतेच. तलंगेच्या एक-दोन पायऱ्या वर असलेली, स्वतः मार खाणारी. तिला चार-सहा दिवस वेगळं ठेवा. परत येईल तेव्हा नवखी तीच असेल, आणि मधल्या दिवसांत तुमच्या पोरीला भांड्यापाशी उभं राहायची सवय लागलेली असेल. एवढ्यावरही ती गुंड सुधारली नाही तर मी तिला दुसऱ्या घरी द्यायला कचरणार नाही.

मग पुन्हा का उद्भवतं?

कारण क्रमवारी एकदाची ठरून राहत नाही. एखादी खुडूक बसली, तीन आठवडे खोक्यात राहिली आणि बाहेर आली की सगळं नव्याने. एखादी मेली तरी नव्याने. झड लागली, सगळ्या दिवसभर आत कोंडल्या गेल्या की जागा कमी आणि टोचा जास्त. पिसं झडण्याच्या दिवसांत उघडी पडलेली कातडी आणि रक्ताने भरलेले नवे कोंब यांच्यामुळे चिडचिड वाढते. नवीन कोंबडी आणली तर पहिले तीस दिवस ती पूर्ण वेगळी, हे रोगाच्या भीतीने. त्यानंतर जाळीआडून ओळख. आणि आणायच्याच तर दोन आणा. एकटी नवी सगळ्यांची बळी होते, दोघी असल्या तर मार वाटला जातो. असा काही बदल होणार असेल तेव्हा आठवडाभर आधीच दुसरं भांडं आणि छोटा कप्पा तयार ठेवा, वजनाची वही पुन्हा उघडा.

एक कारण खाद्याच्या पोत्यातही असतं. मोठ्या कोंबड्या अंड्यावर आल्या म्हणून सगळ्यांनाच लेयर खाद्य, म्हणजे अंडी घालणाऱ्यांचं खाद्य, सुरू होतं. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. अंड्यावर न आलेल्या तलंगेला त्याच्या जवळपास चौथाई पुरतं, आणि जादा कॅल्शियमचा भार तिच्या मूत्रपिंडांवर पडतो. मिश्र वयाच्या कोंबड्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना लागतो त्या खातात.

अंड्यावर यायला तिला उशीर होईल, हे धरून चाला. साधारण अठरा ते चोवीस आठवडे हे नेहमीचं वय. सावकाश भरणारी पोर त्यानंतरही महिनाभर घेऊ शकते. तुरा लाल होऊन फुगायला लागला आणि पाठीवर हात नेल्यावर ती पळण्याऐवजी दबून बसली की वेळ जवळ आली. इथे हातात येणं आजाराचं नसतं, कारण बाकी सगळी चपळाई शाबूत असते. एक खबरदारी: अंड्यांच्या खोक्यावरही दांडगी कोंबडी पहारा करते. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं असलं तरी बुजरीसाठी एक जादा, जमिनीलगत, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि खोक्यात अंडं दिसत नाही म्हणून ती घालतच नाही असं ठरवण्यापूर्वी फळीमागे, झुडपाखाली, अडगळीत शोधा. अशा तलंगा पहिली अंडी बहुधा तिथेच घालतात.